पुराण सांगणाऱ्यांची शाळा

माढा तालुक्यांतील अरण हें गांव सावता माळ्यामुळें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पंढरपूर तेथून फार लांब नाहीं. तरीहि सावतोबा आपला मळा सोडून पंढरीस गेले नाहींत, देवच त्यांच्या मळ्यांत आला, असें परंपरा सांगते. आषाढाच्या सुमारास पैठणहून निघालेली नाथांची पालखी परांड्यावरून या तालुक्यांत येते आणि कुर्डू, अरण असे मुक्काम करीत करकंबाच्या वाटेनें भीमातीरीं जाते. पालखी गांवांत असते त्या रात्रीं देवळापुढें कीर्तन होतें. ज्यांनीं जन्मांत पोथी उघडलेली नाहीं अशीं माणसें तेथें बसलेलीं असतात, आणि अजामिळ, गजेंद्र, प्रल्हाद हीं नांवें त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकीं परिचयाचीं असतात. आमच्या गांवगाड्यांत धर्मज्ञान बहुधा कानावाटेंच आलें. तें आणून देणारा पुराणिक, कीर्तनकार किंवा दिंडीचा फडकरी. परंतु त्या पुराणिकास कोणीं शिकविलें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

विचारलाच तर उत्तर मिळतें कीं बापानें मुलास शिकविलें, गुरूनें शिष्यास शिकविलें. विष्णुबोवा जोग यांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तोंपर्यंत कीर्तनकार घडविण्याची नेमलेली शाळा वारकऱ्यांपाशीं नव्हती. जोगमहाराजांना ती काढावीशी वाटली याचें कारण उघड आहे. परंपरा आपोआप चालते असें आपण म्हणतों, पण पांठ सैल झाले, अर्थ विसरले गेले, आणि सांगणारा स्वतःच गोंधळलेला निघाला, तर ऐकणाऱ्यांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें? ही काळजी ज्यांना वाहावी लागली अशी आणखी एक मंडळी मराठी मुलखांत होऊन गेली. तिचा इतिहास आमच्या घाटावरच्या वाचकांस फारसा माहीत नसतो, म्हणून आज आम्ही त्याकडे वळत आहों.

कॅथॉलिक पंथापुढें हा प्रश्न सोळाव्या शतकांत मोठ्या निकडीनें उभा राहिला. लूथरच्या बंडानंतर युरोपांतील खेडोपाडींचे पाद्री किती अडाणी आहेत तें जगापुढें आलें होतें. ट्रेंट येथें १५४५ पासून १५६३ पर्यंत थांबत थांबत भरलेल्या धर्मपरिषदेनें शेवटच्या वर्षीं असा ठराव केला, कीं प्रत्येक बिशपानें आपल्या प्रांतांत धर्मगुरु तयार करण्याची शाळा घालावी. पुढें १५६६ त रोमहून एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला; तो मुलांच्या पाठांतरासाठीं नव्हता, मुलांस शिकविणाऱ्या गुरूंसाठीं होता. म्हणजे शिकविणारा आधीं शिकला पाहिजे ही गोष्ट त्यांनीं कायद्यांत घातली.

गोव्यांत मात्र ट्रेंटचा ठराव होण्यापूर्वीं बावीस वर्षें, १५४१ सालींच, मिगेल वाझ आणि दियोगो द बोर्बा या दोघांनीं अशी शाळा आरंभिली होती. पुढें ती जेज्विटांच्या हातीं आली व सेंट पॉल कॉलेज म्हणून नांवारूपास चढली. नाना देशांचीं मुलें तेथें ठेवावीं, त्यांना धर्म व भाषा शिकवाव्या, आणि मोठीं झाल्यावर आपापल्या लोकांत शिक्षक व दुभाषे म्हणून पाठवावीं, असा तो बेत होता. १५४२ च्या मेमध्यें फ्रान्सिस झेव्हियर गोव्यास उतरला. तो हातांत घंटा घेऊन रस्त्यानें जाई, मुलें व गुलाम गोळा करी, आणि देवळांत नेऊन त्यांच्याकडून प्रार्थना चालीवर म्हणवून घेई. १५५६ त हबसाणाकडे जाण्यास निघालेला छापखाना गोव्यांतच राहिला, आणि दुसऱ्याच वर्षीं झेव्हियरची धर्मतत्त्वांची लहानशी पुस्तिका त्यावर छापून निघाली. तोंवर झेव्हियर वारून पांच वर्षें झालीं होतीं.

येथवर सारें ठीक दिसतें. पण एक मोठें न्यून होतें, आणि त्याहून मोठें एक पाप होतें. न्यून भाषेचें. शाळा लॅटिन व पोर्तुगीज भाषांची. बाहेरचा लोक कोंकणी बोलणारा आणि मराठी पोथ्या ऐकणारा. पोपट पढावा तशीं मुलें परभाषेंतील प्रार्थना म्हणत. घरीं गेल्यावर आईस त्यांतील काय सांगणार? आणि पाप तें राज्यसत्तेचें. १५६० त इन्क्विझिशन बसलें. १५६६-६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. (ही साष्टी म्हणजे गोव्याची, मुंबईशेजारच्या साष्टीशीं घोंटाळा होऊं नये.) पंडित, पुराणिक, जोशी यांना हद्दपारीचे हुकूम झाले, आणि देशी पोथ्या जप्त झाल्या. त्यांतील कांहीं कथा जेज्विटांनीं अभ्यासासाठीं रोमन लिपींत उतरवून घेतल्या. तीं बाडें पोर्तुगालांतील ब्रागा येथें सांपडलीं, आणि आज त्यांच्याच आधारें सोळाव्या शतकांतील कोंकणी गद्याचा अभ्यास होतो. ज्या हातांनीं पोथी हिसकावली त्याच हातांनीं ती राखली, हा इतिहासाचा विनोद कडवट आहे.

अशा वेळीं, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेज्विट गोव्यास पोंचला. विल्टशर परगण्यांतील बुश्टन हें त्याचें गांव. स्वदेशीं कॅथॉलिकांचा छळ चालू होता, म्हणून तो रोमला गेला व तेथून इकडे आला. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इंग्रजी इतिहासकार त्याचें नांव घेतात. आम्हांस त्याची ओळख निराळ्या नात्याची आहे. चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ त मरण येईपर्यंत, तो येथेंच राहिला, आणि त्यांतला बहुतेक काळ साष्टीच्या खेड्यांत गेला.

त्याच्या कामाचा आरंभ रक्तानें झाला असें म्हणावें लागेल. १५८३ च्या जुलईंत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेज्विटांस ठार मारलें. त्यांत अकबराच्या दरबारीं राहून आलेला रुदोल्फ आक्वाव्हिवाहि होता. देवळें पाडलीं गेलेल्या गांवाचा तो संताप होता. मृतांचीं प्रेतें आणण्याचें काम स्टीफन्सकडे आलें. पुढें पोर्तुगीज अंमलदारांनीं कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून मारलें. ज्या मनुष्यानें हें दोन्ही बाजूंचें रक्त पाहिलें, त्याच मनुष्यानें पुढें तेथील लोकांची भाषा शिकून, त्यांच्याच छंदांत, त्यांच्यासाठीं पुराण रचावें, या गोष्टीचा आम्ही पुष्कळदां विचार केला आहे. केवळ धोरण म्हणून एवढें होत नाहीं. भाषेवर त्याचें मन आधींच जडलें होतें. त्याच १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत इकडील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असें निरीक्षण त्यानें नोंदविलें आहे. सर विल्यम जोन्सनें हाच विचार शास्त्र म्हणून मांडला तो त्यानंतर दोनशें वर्षांनीं.

स्टीफन्सनें तीन पुस्तकें केलीं, आणि तिहींचा हेतु एकत्र पाहिला म्हणजे त्याची सारी योजना ध्यानांत येते. पहिलें, प्रश्नोत्तरांच्या रूपानें लिहिलेली धर्मतत्त्वांची पुस्तिका. ही मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज पुस्तिकेवरून, मुलांसाठीं, कोंकणींत. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ त राशोलच्या छापखान्यांत छापली गेली. दुसरें, कोंकणी भाषेचें व्याकरण. हें बाहेरून येणाऱ्या पाद्र्यांसाठीं. दियोगो रिबेइरो यानें त्यांत भर घातली व १६४० त तें निघालें. हिंदुस्थानांतील देशभाषेचें तें पहिलें छापील व्याकरण समजतात. आणि तिसरें म्हणजे ख्रिस्तपुराण. तें मराठींत आहे. १६१६ त प्रथम छापलें, व पुढें १६४९ आणि १६५४ त पुन्हां. मुलांस घरची बोली, गुरूस व्याकरण, आणि प्रौढ श्रोत्यांस पोथीची भाषा, अशी ही विभागणी आहे. गोमंतकांत चूल कोंकणी बोलते व देव्हारा मराठी बोलतो, हें त्या इंग्रजानें बरोबर हेरलें होतें. कोंकणी कीं मराठी या वादांत पुढें पुष्कळ शाई खर्च झाली. स्टीफन्सनें दोन्ही भाषांना त्यांचें त्यांचें काम देऊन तो वाद आपल्यापुरता मिटविला होता.

ख्रिस्तपुराणाची रचना पाहूं. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर म्हणजे अध्याय, दुसऱ्यांत ५९. मिळून सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें कथेपेक्षां तिची चौकट अधिक मोलाची. नव्या ख्रिस्ती लोकांस धर्मतत्त्वें शिकविलीं जात असतां त्यांतील एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूस विनवितो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, मग आतां आमच्या भाषेंत तसें कांहीं दुसरें कां देत नाहीं? म्हणजे सारा ग्रंथ हा एका शिष्याच्या तक्रारीचें उत्तर आहे. ही तक्रार कविकल्पना असेल, पण ती ग्रंथांत येऊं दिली हेंच विशेष. नुसतें पाठांतर करवून माणूस श्रद्धावान होत नाहीं. त्याचे सण, रात्रीं, ऐकण्याची भूक रिकामी राहते, आणि ती कोणत्या तरी कथेनें भरावी लागते. हें ज्यास कळलें त्यास शिक्षक म्हणण्यास आम्हांस अडचण वाटत नाहीं.

ओवी त्यानें कोठून घेतली हें सांगावयास नको. तो गोव्यास आला तेव्हां नाथ पैठणास हयात होते. त्यांचें भागवत १५७३ त काशीस पुरें होऊन सहा वर्षें झालीं होतीं, आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत नाथांनीं १५८४ त तयार केली, म्हणजे कुंकळ्ळीच्या रक्तपाताच्या दुसऱ्याच वर्षीं. नाथ १५९९ त गेले. गोदातीरीं एक गृहस्थ संस्कृतांतील अर्थ बायाबापड्यांपर्यंत पोंचविण्यासाठीं मराठी ओवी घासून लख्ख करीत होता, आणि साष्टींत एक परदेशी लॅटिनांतील अर्थासाठीं तीच ओवी हातीं घेत होता. दोघांची भेट झाली नाहीं. काम एका जातीचें होतें. स्टीफन्सनें मराठी भाषेची जी स्तुति आरंभीं गाइली आहे तिच्या चार ओळी आमच्या शाळापुस्तकांतून सर्वांस पाठ असतात. बाकीच्या अकरा हजार ओव्या कोण वाचतो, हें विचारण्याची सोय नाहीं.

शब्दांची निवड करतांना त्यानें केलेली कसरतहि पाहण्याजोगी आहे. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, परमेश्वर, मोक्ष, गुरु हे शब्द निःसंकोच वापरतो. पण जेथें आपल्या पंथाचा खास संस्कार किंवा पदवी येते तेथें पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसाच ठेवतो, कारण तेथें देशी शब्द घेतला तर जुना अर्थ मागल्या दारानें आंत येईल अशी भीति. प्रस्तावनेंत तो सांगतो कीं सामान्य जनांस कळावें म्हणून कठीण मराठी शब्द टाकून त्यानें ब्राह्मण-भाषेंतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द मिसळले आहेत. धर्म शिकविणाऱ्यास आजहि याच दोन खडकांमधून नाव काढावी लागते. श्रोत्याचा शब्द घ्यावा तर अर्थ सांडतो, आपला शब्द ठेवावा तर श्रोता सुटतो.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातीं नव्हती. त्याचें पुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. १६०८ सालीं त्यानें रोमला आपल्या संघाच्या मुख्यास पत्र लिहून देशी लिपींत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. खिळ्यांची संख्या सहाशेंवर जाते ती दोनशेंवर आणतां येईल असा तपशीलहि दिला होता. ते खिळे पडले नाहींत. पडले असते तर काय झालें असतें याचा विचार केला कीं मन हळहळतें. मुंबईस मराठी पुस्तक देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें तें १८२२ त, पंचोपाख्यान. मधलीं दोनशें वर्षें घाटावर पोथ्या हातांनीं उतरल्या जात होत्या. स्टीफन्सचें पुराण मात्र अशा लिपींत बंद राहिलें कीं ती वाचूं शकणारा ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती नसलेला मराठी वाचक तिच्या वाटेस जाऊं शकत नव्हता. मराठी वाङ्मयाच्या घरांत जन्मलेलें हें मूल तिनशें वर्षें परक्या पेहरावामुळें ओळखूं आलें नाहीं.

जेथें पोंचलें तेथें मात्र तें खोल गेलें. रविवारीं व सणावारीं देवळांत उपासनेनंतर ख्रिस्तपुराण मोठ्यानें वाचीत, अर्थ सांगत. त्याची वाट पाहून इतरांनींहि लेखणी उचलली. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेज्विटानें संत पीटरच्या चरित्रावर असेंच मोठें ओवीबद्ध पुराण रचलें; तें १६२९ पासून छापूं लागलें. अंतोनियु द साल्दान्य यानें १६५५ त संत अंतोनीचें चरित्र प्रसिद्ध केलें. वसईकडे फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश याचें ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें पुराण १६५९ चें; तें उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती घरांतून इतकें रुजलें कीं एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पुन्हां छापावें लागलें. हीं पुस्तकें म्हणजे एका अर्थीं शिकविणाऱ्यांच्या हातांत दिलेलीं अवजारें होत. पाद्री थोडे, गांवें पुष्कळ. मधला दुवा म्हणजे गांवच्या देवळाशेजारच्या शाळेंतील मास्तर. गोव्यांत त्यास ‘मेस्त’ म्हणतात. मुलांस अक्षर, धर्मतत्त्वें आणि सूर हीं तिन्ही तोच शिकवी. व्हायोलिनवर बोट ठेवून सारीगम गिरविणारीं गोमंतकी मुलें पुढें साऱ्या हिंदुस्थानांत वाजंत्री म्हणून गेलीं तीं याच शाळेंतून. धर्मशिक्षणाचें हें फळ कोणी लावलें नव्हतें, पण आलें खरें.

आतां एक अवघड भाग. एतद्देशीयाने मुलांस शिकवावें, गावें, दुभाष्या व्हावें, येथवर दार उघडें होतें. त्यापुढें? मलबारांतील पेरु लुइश हा ब्राह्मण १५७५ त जेज्विट संघांत धर्मगुरु झाला. त्यानंतर दीर्घ काळ दुसऱ्या हिंदी माणसास त्या संघानें आंत घेतलें नाहीं. दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द काश्त्रु या ब्राह्मणकुळांतील ख्रिस्ती तरुणास गोव्याच्या आर्चबिशपानें दीक्षा नाकारली. तो आर्चबिशप म्हणजे क्रिश्तोव्हांव द लिस्बोआ; आणि १६१६ चें ख्रिस्तपुराण अर्पण केलें आहे तें त्यालाच. देशी भाषेंतील पुराण स्वीकारणारा हात देशी माणसाच्या मस्तकावर ठेवावयास तयार नव्हता.

काश्त्रु गप्प बसला नाहीं. तो थेट रोमला गेला, तेथें शिकला, धर्मगुरु झाला, आणि १६३७ त बिशप होऊन परतला. हिंदी माणूस लॅटिन विधीचा बिशप झाल्याचें हें पहिलें उदाहरण. पोर्तुगीज हद्दींत त्याला पाय रोवूं देणार कोण? म्हणून रोमनें त्यास ‘इदलखान’ म्हणजे आदिलशहाच्या राज्याचा प्रांत नेमून दिला. आमच्या माढेकर वाचकांस येथें थोडें थांबावेंसें वाटेल. १६३६ च्या तहानें परांडा व सोलापूर विजापूरच्या पदरांत पडलीं होतीं. तेव्हां कागदोपत्रीं पाहतां सीना-भीमेचा हा मुलूखहि एका दिवाडकराच्या धर्मप्रांतांत मोडत होता. अर्थात् इकडे कोणाला त्याची वार्ताहि नव्हती. त्याचें प्रत्यक्ष काम डिचोलीच्या बाजूस, गोव्याच्या वेशीबाहेर चालू राहिलें. तेथें त्यानें एतद्देशीय धर्मगुरु तयार करण्याचा खटाटोप केला. स्वभावानें तो तापट, पोर्तुगीजांशीं त्याचें भांडण अखेरपर्यंत मिटलें नाहीं, आणि १६७७ त तो रोममध्यें वारला. त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवणारे पोर्तुगीज लेखक पुष्कळ आहेत. आमच्या मतें त्याचा खरा गुन्हा एवढाच, कीं ज्यानें शिकवावयाचें त्याला अधिकारहि असावा असें तो म्हणाला.

काश्त्रुनें भांडून जें मिळालें नाहीं तें एका शांत माणसानें चालून मिळविलें. बाणावली येथें १६५१ त जन्मलेला जोझे वाझ हा गोमंतकी धर्मगुरु १६८७ त मजुराच्या वेषांत सिलोनांत शिरला. तेथें डच सत्तेनें कॅथॉलिक पाद्र्यांस बंदी केली होती. कित्येक वर्षें एकहि धर्मगुरु त्या बेटावर नव्हता. तरी प्रार्थना चालू होत्या, कारण गांवोगांवच्या प्रापंचिक मुखियांनीं त्या चालू ठेवल्या होत्या. वाझनें हे मुखिये शोधून काढले, त्यांना बळ दिलें, त्यांच्यांतून शिक्षक नेमले. त्याचा सहकारी जाकोमे गोन्साल्विस यानें सिंहली व तामिळ भाषांत त्यांच्यासाठीं पुस्तकें रचलीं. स्टीफन्सच्या पद्धतीचा हा पुढला मुक्काम, आणि या वेळीं तो गोमंतकी माणसांनीं स्वतः गांठला, पाठीशीं तोफ नसतां. वाझ १७११ त वारला. २०१५ च्या जानेवारींत पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यास संतपद दिलें.

खुद्द गोव्यांत मात्र वारा फिरला होता. १६८४ त व्हाइसरॉयानें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. स्टीफन्स मरून पासष्ट वर्षें झालीं होतीं, आणि त्याचें सारें काम एका कागदानें उलटें करावयास निघाले होते. भाषा फर्मानानें मरत नाहीं. पण लिहिण्याची हौस मरते. छापखान्याचें काम त्याआधींच थंडावलें होतें. गोव्यांत पुन्हां छपाई सुरू झाली ती १८२१ त. १७५९ त पोर्तुगाल दरबारानें जेज्विटांस हांकलून दिलें, व राशोलच्या त्यांच्या वास्तूंत १७६२ पासून धर्मप्रांताची गुरुशाळा भरूं लागली. ती आजहि तेथें आहे. तिकडे १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर युरोपियन पाद्री निघून गेले, आणि थोड्या देशी धर्मगुरूंवर व घरोघरच्या पोथीवर भिस्त राहिली. मंगळूरकडे जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. १७८४ त टिपूनें त्या लोकांस श्रीरंगपट्टणास कैद करून नेलें, त्या हालांतूनहि कांहीं प्रती वांचल्या, आणि त्यांवरूनच जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ त मंगळुरास ग्रंथ पुन्हां छापला.

घाटावर, आमच्या बाजूस, कॅथॉलिक मिशन आलें तें पुष्कळ उशिरा आणि निराळ्या वाटेनें. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेज्विटांनीं नगर जिल्ह्यांत केंदळ, वळण, संगमनेर, राहाता या बाजूस काम मांडलें. नगरची दक्षिण सीमा करमाळ्यास भिडते, आणि करमाळ्याला लागून माढा. या खेड्यांत पुराण ऐकणारे ब्राह्मण किंवा गांवकर नव्हते. गांवकुसाबाहेरचे महार-मांग होते, ज्यांना आजवर कोणीं अक्षरच दाखविलें नव्हतें. तेथें सारा भार पडला तो पुन्हां मास्तरावर. सकाळीं पाटीवर अक्षर, संध्याकाळीं प्रार्थना. पाद्री महिन्यांतून एकदां येणार, तोंवर रविवारचें वाचन, आजाऱ्याची विचारपूस, मेलेल्याची माती, आणि मामलेदार कचेरींत द्यावयाचा अर्ज, सर्व त्याच्याच गळ्यांत. पगार तुटपुंजा, आणि तो मिशनच्या हातांत. त्यामुळें गांवाला तो मिशनचा माणूस वाटे आणि मिशनला गांवाचा. तरी ज्या वस्तींतला पहिला वाचणारा मनुष्य हाच मास्तर होता, त्या वस्तींत त्याच्यामुळें काय बदललें हें मोजावयास धर्मांतराचे आंकडे पुरे पडत नाहींत. १९१४ च्या महायुद्धांत जर्मन पाद्री शत्रुदेशीय म्हणून अटकेंत गेले व परत धाडले गेले. मागें मास्तर राहिले.

सोलापुरास आणि नगरास अमेरिकन मराठी मिशनचें, म्हणजे प्रॉटेस्टंटांचें, काम आधींपासून होतें. त्यांनीं कीर्तनाचा आकारच उचलला, आणि नारायण वामन टिळकांसारखा कवि त्यांना लाभला. ती कथा मोठी आहे आणि स्वतंत्र लेखाची आहे. येथें एवढेंच सांगतों, कीं स्टीफन्सनें ओवी घेतली त्यास अडीचशें वर्षें उलटल्यावर, त्याच्या ग्रंथाची वार्ताहि नसलेल्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीस स्वतःच्या अनुभवानें तेंच करावेंसें वाटलें.

कॅथॉलिक पंथांत १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें देशी भाषेंतील उपासनेस मोकळीक दिली आणि प्रापंचिकांच्या कामास मान दिला. त्याआधींच १९५५ त पोपची गुरुशाळा लंकेंतील कँडीहून पुण्यास आली होती. याच पुण्यांतून गी दलरी हा फ्रेंच जेज्विट वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालला, आणि विठोबासंप्रदायावरचा त्याचा अभ्यास १९६० त डेक्कन कॉलेजनें छापला. शिकविण्यास आलेला शिकण्यास बसला, याचें हें प्रांजळ उदाहरण. २०२० च्या जानेवारींत शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, मराठी साहित्य संमेलन भरलें त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेव्हां कांहीं लोकांनीं कुरकूर केली, कीं ख्रिस्ती धर्मगुरूचा मराठीशीं काय संबंध! कुरकूर करणाऱ्यांनीं १६१६ हें साल ऐकलें नसावें. दिब्रिटो २०२४ त निवर्तले.

आणि १० मे २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं धर्मशिक्षकाचें काम ही चर्चमधील एक विधिवत् नेमलेली सेवा ठरविली. तोंपर्यंत गांवोगांवचा मास्तर, मेस्त, मुखिया हें काम करीत होता तें केवळ पाद्र्याचा मदतनीस म्हणून. आतां बिशपाच्या हस्तें विधिपूर्वक त्याची नेमणूक होऊं शकते. पुरुषाची होते तशी स्त्रीचीहि. नेमण्यापूर्वीं त्याला धर्मग्रंथाचें, धर्मतत्त्वांचें आणि शिकविण्याच्या रीतीचें शिक्षण मिळालें पाहिजे अशी अट त्याच आज्ञापत्रांत आहे.

ख्रिस्तपुराणाचें मात्र एक राहिलें. लंडनला विल्यम मार्सडनच्या संग्रहांत या ग्रंथाची एक जुनी प्रत पडून होती. जस्टिन अ‍ॅबट यांनीं ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणली. ती रोमन अक्षरांत नव्हती. देवनागरींत होती, आणि तींत पोर्तुगीज शब्द थोडे व संस्कृत शब्द अधिक होते. १६०८ त रोमहून जे खिळे आले नाहींत, त्यांवांचूनहि कोणीतरी बोरूनें तें सारें पुराण आपल्या लिपींत लिहून ठेवलें होतें. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. नेल्सन फल्काव या सॅलेशियन पंथाच्या धर्मगुरूंनीं मार्सडनच्या प्रतीवरून तयार केलेली आवृत्ति २००९ त निघाली. दोन्ही आवृत्त्या ओवी म्हणतां येणाऱ्या कोणासहि वाचतां येतात.